चाक सोडून पायांवर

१९५२ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटींत विद्वानांच्या समुदायापुढें एक मोठा मौजेचा प्रयोग करून दाखविण्यांत आला. दोन सायकली पाठीला पाठ लावून पक्क्या बसविल्या होत्या आणि एका सांखळीनें त्या एकमेकींस जोडल्या होत्या. एकीवर एक धिप्पाड पुरुष बसला. त्यानें नेहमींप्रमाणें पेडल पुढें मारावयाचें. दुसरीवर एक लहानखुरी स्त्री बसली. सांखळीमुळें तिचें पेडल उलट फिरूं लागे, तें तिनें पाय रोवून नुसतें अडवून धरावयाचें. जोर दोघांसहि सारखाच लावावा लागत होता, कारण एकाच सांखळीच्या दोन टोकांस तीं दोघें बांधलेलीं होतीं. पण थोड्याच वेळांत पुरुष थकून गेला आणि त्या बाईंस मात्र विशेष श्रम झालेले दिसेनात. जमलेल्या मंडळींची त्यामुळें फार करमणूक झाली.

अॅबट, बिगलँड व रिची या तीन संशोधकांचा हा प्रयोग. त्याचें मर्म असें कीं, स्नायु दोन तऱ्हांनीं काम करतो. एकतर तो आंखडतां आंखडतां ओझें उचलतो. किंवा स्वतः ताणला जात असतां ओझें आवरून धरतो. पहिल्या कामास प्राणवायु पुष्कळ लागतो. दुसऱ्यास त्या मानानें फारच थोडा. वेग वाढवीत नेला तेव्हां हें अंतर सुमारें अडीचपटीपासून पांचपटीपर्यंत वाढलें. डोंगर चढणें हें पहिल्या जातीचें काम, उतरणें हें दुसऱ्या जातीचें. म्हणूनच उतारावर दम लागत नाहीं. परंतु या स्वस्ताईची वसुली निराळ्या खात्यांतून होते. ताणला जात असतां काम करणाऱ्या स्नायूचे सूक्ष्म तंतु दुखावतात, आणि तें दुखणें त्याच दिवशीं कळत नाहीं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं कळतें. उशिरानें येणाऱ्या या दुखण्याचें शास्त्रीय वर्णन थिओडोर हफ या अमेरिकन पंडितानें १९०२ मध्येंच करून ठेवलें होतें. रायगड किंवा राजगड चढून उतरलेल्या मनुष्यास तें वाचण्याची गरज नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं घरचा जिना उतरतांना त्यास तें आपोआप समजतें.

सायकलस्वार जन्मभर त्या जोडयंत्राच्या एकाच आसनावर, पेडल मारणाऱ्या पुरुषाच्या आसनावर, बसलेला असतो. त्याचे पाय ओझें उचलण्यास शिकलेले असतात, आवरण्यास नव्हे. असा स्वार, तोहि डोंगरांतून सायकल हांकणारा, आपल्या दमसासाच्या भरंवशावर सायकल घरीं ठेवतो आणि पांच-सहा दिवस चालणाऱ्या डोंगरी धांवेच्या शर्यतींत नांव घालतो. हा प्रकार अलीकडे पश्चिमेंत दुर्मिळ राहिलेला नाहीं. त्याचें पुढें काय होतें हें समजण्यास शरीरशास्त्र उपयोगीं पडतेंच. पण त्याहूनहि चाक आणि पाय या दोघांची जुनी भाऊबंदकी ठाऊक असणें अधिक उपयोगाचें आहे. अनेक दिवसांच्या शर्यतीचें घराणें मूळचें पायांचें. चाकानें तें बळकावलें, आणि पुष्कळ वर्षांनीं डोंगरांत दोघांची पुन्हां गांठ पडली.

या घराण्याचा मूळपुरुष एडवर्ड पेसन वेस्टन. १८३९ मध्यें अमेरिकेंतील प्रॉव्हिडन्स येथें त्याचा जन्म झाला. १८६० च्या निवडणुकींत अब्राहम लिंकन हरणार अशी त्यानें पैज मारली आणि ती गमावली. पैजेप्रमाणें बोस्टनहून वॉशिंग्टनपर्यंत, म्हणजे पावणेपांचशें मैलांहून अधिक, पायीं चालत जाणें त्याच्या वांट्यास आलें. ४ मार्च १८६१ रोजीं तो राजधानींत पोंचला. अधिकारग्रहणाचा समारंभ कांहीं तासांपूर्वीं आटोपला होता, पण रात्रीच्या मेजवानीस तो हजर राहिला. त्या पैजेंत हरलेल्या तरुणानें पुढें चालण्यासच आपला धंदा केला. १८६७ मध्यें तो पोर्टलंडहून शिकागोस चालत गेला. १८७४ च्या डिसेंबरांत नेवार्क येथील एका बंदिस्त वर्तुळांत फेऱ्या घालीत त्यानें सहा दिवसांच्या आंत पांचशें मैल पुरे केले.

सहाच दिवस कां? तर सातवा दिवस रविवार. त्या दिवशीं सार्वजनिक करमणूक निषिद्ध. म्हणून रविवारची मध्यरात्र उलटली कीं शर्यत सुरू व्हावयाची आणि शनिवारीं रात्रीं संपावयाची. धर्मशास्त्रानें घातलेल्या या कुंपणानें एका खेळाचें माप ठरविलें, आणि तें माप त्या कुंपणामागून पुष्कळ वर्षें टिकलें.

वेस्टनला प्रतिस्पर्धी लवकरच मिळाला. डॅनिएल ओ'लिअरी हा आयर्लंडांतून आलेला, शिकागोंत दारोदार पुस्तकें विकणारा इसम. पुस्तकें विकतांना पाय आपोआप तयार झाले असावेत! नोव्हेंबर १८७५ मध्यें शिकागो येथें त्यानें ५०३ मैल चालून वेस्टनला हरविलें. वेस्टनचे ४५१ भरले. १८७७ मध्यें लंडनच्या अॅग्रिकल्चरल हॉलमध्यें पुन्हां तोच निकाल लागला. मग सर जॉन अॅस्टली या इंग्रज सरदारानें १८७८ सालीं जगज्जेत्यासाठीं एक पट्टा ठेविला आणि एक नवा नियम केला. त्यापूर्वीं चालण्याच्या शर्यतींत चालीच्या शुद्धाशुद्धतेवरून तंटे माजत. टांच टेकली कीं नाहीं, गुडघा वांकला कीं काय, यावर पंचांची कचेरी भरे. अॅस्टलीनें तें सर्व मोडीत काढलें. ज्यास चालावयाचें त्यानें चालावें, ज्यास धांवावयाचें त्यानें धांवावें. सहा दिवसांच्या शेवटीं ज्याचे मैल अधिक तो विजयी. या एका नियमानें अनेक दिवसांची धांव खऱ्या अर्थानें जन्मास आली असें म्हणणें वावगें होणार नाहीं.

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें, म्हणजे एका प्रचंड मंडपांत, या शर्यती भरत. मैलाच्या आठव्या हिश्शाइतकी फेरी; मधोमध स्पर्धकांच्या तंबूवजा खोल्या; सभोंवार हजारों प्रेक्षक, तंबाखूच्या धुराचे लोट, वाजंत्री आणि जुगार. स्पर्धक दिवसांत दोन-चार तास निजत, उरलेला वेळ फिरत राहत. १८७९ मध्यें केंब्रिजजवळच्या चेस्टरटन गांवचा चार्ल्स रोवेल अमेरिकेंत गेला व संथ, तुडतुड्या धांवेनें ५०० मैल पुरे करून पट्टा आणि सुमारें वीस हजार डॉलर घेऊन परतला. त्याच वर्षीं जूनमध्यें, चाळिशीस आलेल्या वेस्टननें आपला चालण्याचा हट्ट सोडला, चालीच्या जोडीस धांवहि घेतली आणि ५५० मैल करून पट्टा जिंकला. आयुष्यभर एका रीतीनें नांव मिळविलेल्या माणसानें चाळिसाव्या वर्षीं दुसरी रीत नव्यानें शिकावी, यांत त्याची खरी थोरवी दिसते. पांचशें मैल काय, इतरांनींहि केले. पुढल्या वर्षीं हैती बेटांत जन्मलेला व बोस्टन येथें राहणारा कृष्णवर्णी फ्रँक हार्ट यानें ५६५ मैलांचा उच्चांक केला. ज्या काळीं त्याच्या वर्णाच्या माणसास न्याय मिळणें कठिण, त्या काळीं निदान मैल मोजणाऱ्यांस त्याचे मैल कमी लिहितां आले नाहींत.

पण या शर्यतीचा स्वभाव कोणता हें जाणावयाचें असेल तर १८८२ ची कथा पाहावी. त्या वेळीं रोवेलनें पहिल्याच दिवशीं दीडशें मैल ओलांडले आणि तीन दिवसांत साडेतीनशेंहून अधिक मैल केले. असा वेग पूर्वीं कोणीं पाहिला नव्हता. चौथ्या दिवशीं त्यानें चुकून पेलाभर शिर्का पिऊन टाकला, पोट बिघडलें आणि त्यास शर्यत सोडावी लागली, असें त्या वेळचे वृत्तांत सांगतात. शिर्का केवळ निमित्त असेल. तीन दिवसांत त्यानें शरीराचें सारें भांडवल खर्चून टाकलें होतें. जिंकला जॉर्ज हेझेल. त्यानें ६०० मैलांचा टप्पा मनुष्यजातींत प्रथम गांठला. १८८८ मध्यें शेफील्डच्या जॉर्ज लिटलवुडनें ६२३ मैलांहून अधिक अंतर काटलें. हा उच्चांक पुढें शहाण्णव वर्षें कोणास मोडतां आला नाहीं.

कोणास मोडावासा वाटला नाहीं, असें म्हणणें अधिक खरें होईल. कारण तोंपर्यंत मंडपाच्या दारांत चाक येऊन उभें राहिलें होतें.

ज्या अॅग्रिकल्चरल हॉलमध्यें ओ'लिअरीनें वेस्टनला नमविलें, तेथेंच १८७८ च्या आरंभीं डेव्हिड स्टँटन यानें उंच चाकाच्या सायकलीवर सहा दिवसांत हजार मैल करण्याची पैज मारली आणि ७३ तासांतच ती जिंकली. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथें सायकलींची पहिली सहा दिवसांची शर्यत झाली. ती शेफील्डच्या बिल कॅननें १०६० मैलांनीं जिंकली. न्यूयॉर्कच्या मंडपांत १८९१ सालीं बिल मार्टिननें १४६६ मैल केले, आणि त्या दशकाच्या अखेरीस चार्ल्स मिलरनें दोन हजारांची सीमाहि ओलांडली. सहा दिवस तेच, मंडप तोच, मनुष्याचें हृदय व फुप्फुसें तींच. मैल मात्र तिप्पट! पायीं फिरणाऱ्यांकडे मग कोण पाहतो? प्रेक्षकांनीं पाठ फिरविली आणि पायांची शर्यत उपाशी मेली.

चाकानें ही तिप्पट आणली कोठून? स्वाराचें वजन खोगीर उचलतें. पाय पेडलावर असतात तेव्हां जमिनीचा धक्का त्यांस बसत नाहीं. आणि उतारावर तर पायांस कांहीं करावेंच लागत नाहीं. धांवणाऱ्याचें प्रत्येक पाऊल म्हणजे एक लहानसें पडणें आणि त्या पडण्यास पायानें सांवरून धरणें होय. दिवसास पन्नास-साठ हजार वेळां तो पडतो आणि सांवरतो. चाकानें मनुष्यास या पडण्यापासून सोडविलें, हीच त्याची देणगी. मात्र झोंपेपासून सोडविणें चाकासहि जमलें नाहीं. अहोरात्र फिरणारे स्वार अखेरीस भ्रमिष्ट होऊन पडूं लागले, तेव्हां न्यूयॉर्क संस्थानानें कायदाच केला कीं कोणाहि स्वारानें दिवसास बारा तासांवर शर्यतींत फिरूं नये. चालकांनीं त्यावर युक्ति काढली : १८९९ पासून दोघांची जोडी, एक थांबे तेव्हां दुसरा फिरे. त्या मंडपाच्या नांवावरून या प्रकारास ‘मॅडिसन’ असें नांव पडलें तें अद्यापि चालत आहे.

मधल्या काळांत पायांच्या लांब शर्यतीचें एकच मोठें पुनरुज्जीवन झालें, तें १९२८ मध्यें. सी. सी. पाइल नांवाच्या एका उलाढाल्या गृहस्थानें लॉस एंजेलिसपासून न्यूयॉर्कपर्यंत, म्हणजे ३४०० मैलांहून अधिक, धांवेची शर्यत लावली. ४ मार्चला १९९ जण निघाले. रोज एक टप्पा, अशा ८४ दिवसांनीं ५५ जण पोंचले. पहिला आला ओक्लाहोमांतील चेरोकी जमातीचा वीस वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा अँडी पेन. त्यास २५,००० डॉलर मिळाले व घरच्या शेतावरील गहाण फिटलें. लांब धांवेचा त्या काळचा आचार्य आर्थर न्यूटन हाहि त्यांत होता, पण त्यास अर्ध्या वाटेच्याहि पूर्वींच पायाच्या दुखण्यानें माघार घ्यावी लागली. पीटर गाव्हुझी हा इंग्रज पुष्कळ दिवस आघाडीवर होता. दांत किडून तो मध्येंच बाहेर पडला. दुसऱ्या वर्षीं तो पुन्हां आला आणि ३५०० मैलांच्या शेवटीं तीन मिनिटांहूनहि कमी अंतरानें दुसरा ठरला. दांत, टांच, पेलाभर शिर्का! अनेक दिवसांच्या शर्यतींत बलवान् अवयव जिंकून देत नाहीं. सर्वांत दुबळा अवयव हरवितो.

आतां मंडप व सडक सोडून डोंगराकडे वळावयास हवें, आणि त्या वाटेवर पहिला भेटतो तो एक घोडेस्वारच. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतांत १९५५ पासून घोड्यांची एका दिवसांत शंभर मैलांची शर्यत भरत असे. गॉर्डन एन्सली हा तींत भाग घेई. १९७३ मध्यें त्याचा घोडा वाटेंतच लंगडा झाला. पुढल्या वर्षीं, ३ ऑगस्ट १९७४ रोजीं, तो घोड्यांच्या रांगेंत घोड्यावांचूनच उभा राहिला आणि ती सारी वाट धांवून २३ तास ४२ मिनिटांत पार पडला. त्यापूर्वीं १९७२ मध्यें वीस सैनिकांनीं ती वाट पायीं आक्रमण्याचा यत्न केला होता व सात जण शेवटास पोंचले होते. पण घोड्यांस दिलेल्या चोवीस तासांच्या मुदतींत ती पुरी करणारा एन्सली पहिला. डोंगरवाटेवरील शंभर मैलांच्या धांवेची अमेरिकेंतील परंपरा त्याच्यापासून मोजतात. वाहन सोडून त्याच वाटेवर पायानें उतरण्याचा हा किता पुढें सायकलस्वारांनीं गिरविला.

तीं डोंगरी सायकल जन्मली तीहि त्याच प्रांतांत व जवळजवळ त्याच वेळीं. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस टॅमलपाइस पर्वताच्या परिसरांत कांहीं तरुण जुन्या, जाड टायरांच्या अवजड सायकली डोंगरावर नेत आणि तेथून खालीं सोडीत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांनीं फेअरफॅक्स गांवाजवळच्या एका वणवा-रस्त्यावर शर्यत लावली. दोन मैलांत तेराशें फूट उतार. मागल्या चाकाचा ब्रेक इतका तापे कीं तुंब्यांतलें ग्रीस जळून जाई व प्रत्येक फेरीनंतर तें नव्यानें भरावें लागे. म्हणून त्या उतारास ‘रीपॅक’ असें नांव पडलें. गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ हीं या मंडळींतलीं नांवें. ब्रीझनें १९७७ मध्यें या कामासाठीं मुद्दाम चौकट बनविली. १९७९ मध्यें फिशर व केली यांनीं ‘माउंटन बाइक’ हें नांव दुकानावर लाविलें. १९९० मध्यें ड्युरँगो येथें जगज्जेतेपदाची शर्यत झाली आणि १९९६ मध्यें अटलांटाच्या ऑलिंपिकांत या खेळास मान मिळाला.

यांतली एक गोष्ट नजरेंतून निसटूं देऊं नये. डोंगरी सायकल उतारासाठीं जन्मली. चढावर त्या अवजड सायकली ढकलाव्याच लागत. उतार हें तिचें सुख, तिचा कैफ, तिच्या जन्माचें कारण. आणि उतार हेंच पायानें धांवणाऱ्याचें मोठें संकट. ज्या जागीं स्वार आजवर विसावा घेत आला, त्याच जागीं पायांवर आल्यावर त्याची परीक्षा होते.

ही परीक्षा शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याची संधि वेल्समधील लानुर्टिड वेल्स या चिमुकल्या गांवानें दिली. गांवांतील हॉटेलाचा मालक गॉर्डन ग्रीन यानें आपल्याकडे बसलेल्या गिऱ्हाइकांचा वाद ऐकला : डोंगराळ मुलखांत लांब अंतरावर मनुष्य घोड्यास हरवील कीं नाहीं? १९८० मध्यें त्यानें शर्यतच लावून दिली. सुमारें बावीस मैल, ओढे, चिखल व टेकड्या. १९८५ पासून १९९३ पर्यंत या शर्यतींत सायकलींसहि वाव होता. १९८९ सालीं टिम गूल्ड या इंग्रज स्वारानें पहिल्या घोड्यास तीन मिनिटांनीं मागें टाकलें. पायानें धांवणाऱ्यास तें साधावयास २००४ साल उजाडावें लागलें. ह्यू लॉबनें २ तास ५ मिनिटें १९ सेकंदांत घोड्यास हरवून वर्षानुवर्षें सांठत आलेलें २५,००० पौंडांचें बक्षीस घेतलें. घोडा, चाक, पाय यांचा असा प्रत्यक्ष मुकाबला इतरत्र क्वचितच झाला असेल.

इंग्लंडांत यॉर्कशरच्या तीन शिखरांची गोष्ट याहून निराळी. पेन-ई-गेंट, व्हर्नसाइड व इंगलबरो या शिखरांवरून १९५४ पासून पायांची व १९६१ पासून सायकलींची अशा दोन स्वतंत्र शर्यती होतात. सायकलींच्या शर्यतींत मोठ्या चढावर सायकल खांद्यावर घेऊन धांवावें लागतें. रॉब जेब यानें या दोन्ही शर्यती अनेकवार जिंकल्या. शिवाय २००५ मध्यें उंच पर्वतांवरील धांवेच्या जागतिक मालिकेंतहि तो पहिला आला. ज्यानें चाक खांद्यावर वाहिलें आहे, त्यास तें खालीं ठेवणें जड जात नाहीं. इतर स्वारांस जेबचें उदाहरण देतांना हा भेद लक्षांत ठेवावा.

१९९२ सालीं वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावरील कॉनवीच्या किल्ल्यापासून दक्षिणेच्या कॅरेग केननच्या किल्ल्यापर्यंत पांच दिवसांची एक पर्वतधांव झाली. ‘ड्रॅगनची पाठ’ हें तिचें नांव; वेल्सच्या निशाणावर तांबडा ड्रॅगन असतो आणि त्या देशाचा पर्वतमय कणा म्हणजे त्याची पाठ. हेलीन डायमँटाइड्स व मार्टिन स्टोन या स्त्रीपुरुषांच्या जोडीनें ती जिंकली. ती इतकी बिकट ठरली कीं पुढें वीस वर्षें कोणी तिच्या वाटेस गेलें नाहीं. २०१२ मध्यें ती पुन्हां भरली तेव्हां तीच हेलीन, आतां हेलीन व्हिटेकर या नांवानें, पुन्हां आली आणि स्त्रियांत पहिली ठरली. २०२१ मध्यें वाट वाढवून थेट कार्डिफच्या किल्ल्यापर्यंत नेण्यांत आली : ३८० किलोमीटर, सतरा हजार मीटरांहून अधिक चढ, आणि अर्थात् बहुतेक तितकाच उतार.

अशा शर्यतींत सायकलस्वाराचा पहिला दिवस बहुधा मोठ्या आनंदाचा जातो, आणि हाच धोका. त्याचें हृदय व फुप्फुसें उत्तम कसलेलीं असतात. कार्नेदायच्या लांब चढावर जातिवंत धांवणारे हात गुडघ्यांवर टेकून चालूं लागतात, तेथें हा त्यांच्या पुढें निघतो. चालतां चालतां खाणें, तहान लागण्यापूर्वीं पिणें, दगडधोंड्यांतून क्षणांत वाट हेरणें हें त्यास सायकलीनें शिकविलेलेंच असतें. क्रिब गोखची धार, मग स्नोडनचें शिखर; आणि तेथून उतार. उतारावर दम लागत नाहीं, म्हणून तो सुटतो. जुनी संवय! प्रत्येक पावलागणिक मांडीचा पुढला स्नायु ताणला जाऊन त्याचें वजन झेलतो आहे, ही वार्ता त्या संध्याकाळीं त्याच्यापर्यंत येत नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहांटे तंबूंत तो उठावयास जातो तेव्हां येते.

दुसरा दिवस ऱ्हिनोगिद टेकड्यांचा; उंची फार नाहीं, पण हेदरच्या दाट झुडपांत लपलेले खडक. तेथें वेगाचा उपयोग नसतो. तिसऱ्या दिवशीं पायांचें दुखणें शिगेस पोंचलेलें असतें, आणि ज्याचे स्नायु या दुखण्यास पूर्वीं परिचित नाहींत तो उतारावर आडवा चालूं लागतो, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. त्यांत तळव्यांस फोड. सायकलीच्या टणक तळाच्या बुटांत वाढलेलें पाऊल मऊ बुटांत, ओल्या मोज्यांत, दिवसभर घांसलें जाण्यास सरावलेलें नसतें. हाडांचेंहि तसेंच आहे. सडकेवरील सायकलस्वारांचीं हाडें, त्यांस धक्का म्हणून लागत नसल्यानें, पुष्कळदां धांवणाऱ्यांच्या मानानें हलकीं आढळतात. डोंगरी स्वारांची स्थिति वाटेवरच्या हादऱ्यांमुळें त्याहून बरी दिसून आली आहे. तथापि सायकलीवरून आलेल्यानें पायांवरील मैल एकदम वाढविले तर हाडास बारीक चीर पडण्याची भीति असते, आणि ती दमसासानें टळत नाहीं. उलट दमसास जितका मोठा तितका तो आपल्या हाडांस अधिक लांब फरफटत नेतो.

तयारीचा मार्ग मात्र सोपा आहे. केवळ अभिमानास न रुचणारा आहे. एकदां उतारानें दुखावलेला स्नायु बरा झाला कीं पुढें कांहीं आठवडे त्याच कामानें तो तितका दुखावत नाहीं. म्हणून शर्यतीच्या पूर्वीं कांहीं महिने आठवड्यांतून एकदां तरी डोंगर मुद्दाम उतरावा. प्रथम थोडा, मग अधिक. ज्या स्वारास चढाच्या आंकड्यांचा अभिमान, त्यानें उतार मोजावयास शिकावें. वर्षानुवर्षें सायकल हांकलेल्या मनुष्यास नवशिक्याप्रमाणें अर्धा तास धांवून परत फिरण्यांत संकोच वाटतो. हा संकोच ज्यानें गिळला नाहीं त्याची शर्यत तिसऱ्या दिवशीं संपते. आणि शर्यतींत? चढ चालावा, सपाटी धांवावी, उतार जपून उतरावा. अॅस्टलीनें १८७८ मध्यें घालून दिलेला नियम अद्यापि तोच आहे. चालण्यांत लाज नाहीं. चाळिसाव्या वर्षीं चाल बदलणाऱ्या वेस्टनला जें करावें लागलें तेंच या स्वारास उलट्या बाजूनें करावयाचें असतें. तो चालतां चालतां धांवावयास शिकला. यानें वेगाचा हव्यास सोडून चालावयास शिकावयाचें.

पांचव्या दिवसापर्यंत जो टिकला त्याच्या बाबतींत एक चमत्कारिक पालट होतो. मांड्यांचें दुखणें ओसरूं लागतें. शरीर दुरुस्तीच्या कामास लागलेलें असतें, आणि सायकलीनें घडविलेलें तें मोठें हृदय, जें आजवर पायांच्या नादुरुस्तीनें बेकार बसलें होतें, तें आतां कामास येतें. इतर जण थकलेले असतात. याचा दम शिल्लक असतो. पहिल्या दिवशीं ज्या दमानें त्यास फसविलें, तोच पांचव्या दिवशीं त्यास वाहून नेतो. अर्थात् हें टिकलेल्यांविषयीं झालें.

लिटलवुडचा ६२३ मैलांचा उच्चांक अखेर यानिस कुरोस या ग्रीक धांवणाऱ्यानें १९८४ मध्यें न्यूयॉर्क येथेंच, १०२२ किलोमीटर म्हणजे सुमारें ६३५ मैल धांवून मोडला. पण तो वर्तुळांत फिरून. वेल्सच्या डोंगरांत ना फेरी, ना मंडप, ना जुगार. रात्रींची झोंप असते, वाट दाखविणारा नकाशा असतो आणि बहुतेक वेळ पाऊस. तरीहि २०२१ च्या सप्टेंबरांत त्या वाढविलेल्या शर्यतीचे लोक कॉनवीच्या तटावरून निघाले तो दिवस सोमवार होता, आणि कार्डिफच्या किल्ल्यांत शिरले तो शनिवार.